आधी हुंकारा द्यायला शीक

नागपूरच्या एका मुलीनं मला लिहिलंय. वय २७, नाटकाचं शिक्षण झालेलं, तीन वर्षं शाळाशाळांत गोष्टी सांगण्याचं काम करते. ती विचारते: "ताई, मला आफ्रिकेच्या मौखिक परंपरेतली व्यावसायिक कथाकार व्हायचंय. ग्रिओ व्हायचं तर कुठे शिकावं लागतं? त्यावर पोट भरतं का? आणि मी मराठी मुलगी, मला त्या गोष्टी सांगायचा हक्क आहे का?"

मी १९९९ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे टांझानियातल्या टांगा शहरात आले. गेली बावीस वर्षं तिथे आणि दार-एस-सलाममध्ये स्वाहिलीतून गोष्टी सांगते आणि त्यावरच जगते. त्यामुळे तिला नीट, सविस्तर उत्तर देणं मला भाग आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. ग्रिओ होता येत नाही, ग्रिओच्या घरात जन्मावं लागतं. पश्चिम आफ्रिकेतल्या पिढीजात कथाकार-गायकांसाठी हा शब्द फ्रेंचांनी रूढ केला. माली, गिनी या भागातली मांदे माणसं 'जेली' म्हणतात, गांबियात 'जाली', सेनेगलच्या वोलोफ लोकांत 'गेवेल'. मांदे समाजात 'न्यामाकाला' म्हणून जन्मानं ठरलेल्या कारागिरांच्या जाती आहेत. लोहार, चामड्याचं काम करणारे आणि शब्दांचं काम करणारे जेली, हे सगळे त्यात येतात. सोयरिकी आपापसातच होतात. कुयाते, जाबाते, सिसोको ही आडनावं ऐकली की समोरच्याला कळतं, हे घर कशाचं आहे. कुयाते घराण्याचं नातं केइता राजघराण्याशी. तेराव्या शतकात, साधारण १२३५ च्या सुमारास, सुंदियाता केइतानं कीरिनाच्या लढाईत सोसोच्या राजाला, सुमाओरो कांतेला, हरवलं आणि मालीचं साम्राज्य उभं राहिलं. सुंदियाताचा जेली बाला फासेके, त्याला कुयाते लोक आपला मूळपुरुष मानतात. सुमाओरोचं म्हणून सांगितलं जाणारं बालाफोन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, आजही गिनीतल्या नियागासोला गावात कुयाते घराणं सांभाळतं. २००१ मध्ये युनेस्कोनंही त्याची नोंद घेतली.

आता तूच सांग, रेणुकेची गाणी पाठ केली, संबळ वाजवायला शिकलीस, तर तुला कुणी गोंधळी म्हणेल का? कौतुक करतील, टाळ्या देतील, पण लग्नानंतर घरचा गोंधळ घालायला गोंधळ्यालाच बोलावतील. आपल्या आयाबायांना जे न सांगता कळतं, ते परदेशी कार्यशाळांच्या जाहिरातींत हरवतं. 'सात दिवसांत ग्रिओ व्हा' अशा जाहिराती मी पाहिल्या आहेत. त्यात पैसे घालवू नकोस.

जेलीचं काम नुसतं गोष्टी सांगण्याचं नाही, हेही लक्षात घे. मुलाचं नाव ठेवायचं असलं की तो येतो, घराण्याची कुळी सांगतो. सोयरीक जुळवताना दोन्ही घरांमध्ये बोलणी तो करतो. भावाभावांत तंटा झाला तर निरोप त्याच्यातर्फे जातो, कारण त्याच्या तोंडून गेलेला कडू शब्द ऐकणाऱ्याला झेपतो. आपल्याकडे कोल्हापूर-बेळगावकडे घराण्यांच्या वह्या घेऊन हेळवी येतात. त्यांचं, भाटाचं, मध्यस्थाचं आणि गायकाचं काम एकाच माणसानं करावं, तसं ते. बायका जेलींमध्ये मुख्यतः गाणं करतात. कोरा हे २१ तारांचं वाद्य बहुतेक पुरुषांकडेच राहिलं. सोना जोबार्तेसारख्या जालीच्या घरातल्या बाईनं ते व्यवसाय म्हणून हातात घेतलं, म्हणून तिचं नाव झालं. मोबदला ठरवून घेत नाहीत. ज्याच्या घराण्याची स्तुती होते त्यानं उदार व्हायचं, नोटा, कापड, कधी त्याहून मोठं काही द्यायचं. न दिलं तर त्याचीच पत जाते. हे अर्थकारण त्या समाजातल्या नात्यांवर उभं आहे. ती नाती बाहेरच्याला विकत मिळत नाहीत.

त्यातला एक माणूस मराठी वाचकांनी बघितलाही असेल. पीटर ब्रुक यांनी १९८५ मध्ये फ्रान्सच्या आविन्यों महोत्सवात महाभारत उभं केलं, त्यातले भीष्म म्हणजे सोतिगी कुयाते. बुर्किना फासोचे, जेलींच्या घराण्यातले. १९८९ च्या चित्रपटातही तेच आहेत. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा उंच, सडसडीत, संथ बोलणारा तो माणूस बघून वाटलं, अभिनय चांगला आहे. टांग्यात काही वर्षं काढल्यावर परत पाहिला तेव्हा वेगळंच दिसलं. ते बोलत नसतात तेव्हा काय करतात ते बघ. दुसरा बोलत असताना त्यांचं सगळं अंग ऐकत असतं. लहानपणापासून ऐकण्याचं काम केलेला माणूस असा बसतो.

आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर सुरू होतं.

मांदे लोकांत जेली इतिहास सांगायला बसला की शेजारी एक माणूस असतो. त्याचं काम एकच, प्रत्येक ओळीनंतर 'नामू' म्हणायचं. अरबी 'नअम' म्हणजे 'होय', त्यावरून आलेला शब्द. हा 'नामू' कधी हळू, कधी ठासून, कधी प्रश्नासारखा येतो. सांगणारा त्यावर तोल सांभाळतो. आपल्या पोवाड्यातला झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतो ना, त्याच्याच जवळचं. खेड्यात आजी विचारायची, "हुंकारा कोण देतंय? नाहीतर गोष्ट सांगत नाही." तोच हा हुंकारा. पूर्व आफ्रिकेत जेलींसारखी जात नाही, तिथे गोष्ट कुणाच्याही चुलीजवळ सांगितली जाते. म्हणून तुझ्यासारखीला दार उघडं आहे. पण त्या दाराचा उंबरा हुंकाऱ्याचा आहे.

स्वाहिली किनाऱ्यावर सांगणारा म्हणतो, "पाउक्वा!" ऐकणारे म्हणतात, "पाकावा!" मग तो विचारतो, "सहानी?" उत्तर येतं, "या म्चेले." थाळी? तांदळाची. "गिझा?" "ला म्विझी." अंधार? चोराचा. "ना किबोको?" "चा म्तोतो म्कोरोफी." आणि चाबूक? द्वाड पोराचा. काही ठिकाणी सुरुवात अशी होते: "हादिथी, हादिथी!" आणि उत्तर: "हादिथी न्जो, उवोंगो न्जो, उतामु कोलेआ." गोष्टी ये, खोट्या ये, गोडी दाट होऊ दे. मला हे फार आवडतं, की खोटं आधीच बोलावून घेतात. त्यानंतर जे सांगितलं जातं त्यात फसवणूक उरत नाही. शाळा-कॉलेजांत शिकवताना सांगणाऱ्याला 'फनानी' आणि ऐकणाऱ्यांना 'हाधिरा' म्हणतात. हाधिरा आणि आपला 'हजर' एकाच अरबी धातूतून आलेत. जे हजर असतात ते श्रोते. नुसते समोर बसलेले त्यात धरत नाहीत.

मी हे एका बीबींकडे शिकले. बीबी म्हणजे आजी. मुहेझा गावाकडच्या, बोंडेई जमातीच्या घरातल्या त्या, आमच्या मागच्या अंगणाला लागून राहायच्या. संध्याकाळी नारळ खवत बसायच्या. तिथली खवणी म्हणजे छोटं लाकडी बैठं, पुढे लोखंडी दात. त्याला 'म्बुझी' म्हणतात, म्हणजे शेळी. बीबी त्या शेळीवर एका बाजूनं बसून नारळ फिरवायच्या आणि गोष्ट सांगायच्या. खवण्याचा खर्र-खर्र आवाज हाच ताल. गोष्टीत फिसी, म्हणजे तरस, झुडपामागून डोकं काढणार असेल तर खवणं आधी थांबायचं. पोरांचे श्वास थांबायचे. मग एक वाक्य. मग पुन्हा खर्र. मी नंतर रंगमंचावर कितीतरी युक्त्या पाहिल्या, या थांबण्याच्या जवळ जाणारी एकही नाही.

दीड वर्ष मी तिथे फक्त उत्तरं दिली. 'पाकावा' म्हटलं, गोष्टीतलं गाणं आलं की पोरांबरोबर धरलं, 'एंहे' म्हणून हुंकारा दिला. सुरुवातीचे सहा महिने तर मला निम्मं कळतही नव्हतं. पण हुंकारा कुठे द्यायचा ते भाषा कळायच्या आधी कळतं, कारण ते सांगणाऱ्याच्या श्वासात असतं.

तिथे मी एक चूक केली, ती तुला सांगायलाच हवी.

एके संध्याकाळी बीबींनी माकडाची गोष्ट सुरू केली. समुद्राच्या काठी म्कुयूचं, म्हणजे उंबराच्या जातीचं, मोठं झाड. अर्ध्या फांद्या जमिनीवर, अर्ध्या पाण्यावर. माकड फळं खातं, एखादं पाण्यात टाकतं. चुब्वी! खाली शार्क तोंड उघडून असतो. त्यांची मैत्री होते. एक दिवस शार्क म्हणतो, चल माझ्या गावी, पाठीवर बस. अर्ध्या वाटेत सांगतो की आमचा सुलतान आजारी आहे, त्याला औषधाला माकडाचं काळीज हवंय. माकड म्हणतं, अरे, आधी सांगायचंस ना, आम्ही माकडं काळीज झाडावरच ठेवून येतो...

मला राहवलं नाही. मी मध्येच बोलले, "बीबी, ही तर आमची गोष्ट! पंचतंत्रातली. तिकडे शार्क नाही, मगर आहे. झाड जांभळीचं. आणि काळीज मगरीच्या बायकोला हवं असतं."

बीबींनी हातातली नारळाची वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "बासी." म्हणजे पुरे. उठून आत गेल्या. चार दिवस मी अंगणात असताना त्यांनी गोष्ट सांगितली नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या नातीनं मला सांगितलं, "बीबी म्हणतात, तुला गोष्ट येते, मग ऐकायला कशाला बसतेस?"

मी रात्रभर जागी होते. सकाळी त्यांच्या दाराशी 'होदी', म्हणजे आत येऊ का, म्हणून उभी राहिले. आत बोलावलं. मी माफी मागितली, त्यांनी चहा दिला, विषय काढला नाही. संध्याकाळी "पाउक्वा" आलं तेव्हा पोरांच्या आवाजावर माझा आवाज होता. गोष्ट तीच, पहिल्यापासून. आणि या वेळी मी पुढचं ऐकलं, जे पहिल्यांदा माझ्यामुळे आलंच नव्हतं. माकड झाडावर चढून बसतं आणि शार्कला म्हणतं, मला धोब्याचं गाढव समजलास का? धोब्याचं गाढव कोण, म्हणून मग पोटात दुसरी गोष्ट येते. सिंहाकडे सशानं दोनदा फसवून नेलेलं गाढव. ते मेल्यावर ससा त्याचं काळीज आणि कान खाऊन टाकतो आणि सिंहाला म्हणतो, त्याला ते असते तर दुसऱ्यांदा आलं असतं का? पंचतंत्राच्या 'लब्धप्रणाश' या चौथ्या भागातही माकड-मगरीच्या गोष्टीच्या पोटात लंबकर्ण गाढवाची हीच गोष्ट आहे. तिथे नेणारा कोल्हा. बीबींच्या तोंडी ससा, कारण तिथल्या पोरांना शहाणा म्हणून सशाचीच, सुंगुराचीच, ओळख.

एडवर्ड स्टीअर या मिशनऱ्यानं झांझिबारमध्ये ऐकलेल्या गोष्टी १८७० मध्ये छापल्या, त्यात धोब्याच्या गाढवाची ही गोष्ट आहे. ती तिथे कशी पोचली? आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं पंचतंत्राच्या पहलवी रूपाचं अरबी केलं, कलीला व दिम्ना. आणि समुद्र होताच. ईशान्येचा कास्काझी वारा अरबस्तान आणि हिंदुस्थानाकडून गलबतं आणायचा, नैर्ऋत्येचा कुसी परत न्यायचा. वाऱ्याची वाट बघत खलाशी महिनोन्‌महिने बंदरात बसायचे. गोष्टी तिथेच उतरल्या असणार. पण मगर उतरली नाही, शार्क झाली. जांभूळ उतरलं नाही. बायकोच्या हट्टाच्या जागी सुलतानाचं दुखणं आलं, कारण ती सुलतानांची बंदरं होती. शंभरएक आज्यांनी ती आपली केली, तेव्हा कुठे ती बीबींकडे आली. 'मूळ आमचं' म्हणताना मी त्या सगळ्या आज्यांना गप्प केलं होतं. तू इथे येशील तेव्हा तुला पावलोपावली ओळखीच्या गोष्टी भेटतील. तोंड मिटून ऐक.

आता पोटाचं.

माझ्या कमाईचा निम्म्याहून जास्त भाग शाळांमधून येतो. खासगी शाळा ठरलेले पैसे देतात, सरकारी शाळांत जाते ते बहुतेक दुसऱ्या कुणाच्या खर्चानं. त्यानंतर येतं शिक्षकांना आणि ग्रंथपालांना शिकवण्याचं काम. बालवाडीच्या बाईंना गोष्ट सांगायला शिकवणं हे मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात समाधानाचं वाटतं. एका बाईंच्या हाताखाली वर्षाला चाळीस पोरं असतात. मग आरोग्याचं काम करणाऱ्या संस्था, मच्छरदाण्या, हात धुणं असे विषय. तिथे सावध राहा. गोष्टीला बोधाचं शेपूट लावायला सांगतात आणि पोरं ते शेपूट लगेच ओळखतात. मी एकच अट घालते, संदेश गोष्टीच्या आत राहील, शेवटी भाषण होणार नाही. मानलं तर काम घेते. झांझिबारकडची हॉटेलं हंगामात बरे पैसे देतात. तिथल्या एका हॉटेलनं मला चित्त्याच्या ठिपक्यांचं कापड नेसून, ढोल बडवत, सात मिनिटांत 'जंगलाची गोष्ट' करायला सांगितलं. किनाऱ्यावरची कुठलीच बाई तशी नेसत नाही. ती खांगा नेसते, ज्याच्यावर म्हण छापलेली असते. मी दोन हंगामांनंतर ते सोडलं आणि त्या वर्षी घरभाडं द्यायला त्रास झाला. हे तुला कळावं म्हणून सांगते. हंगाम आणि शाळेच्या सुट्ट्या यांच्यामध्ये दोन-तीन महिने दरवर्षी कोरडे जातात. शिवणकाम, भाषांतर, शिकवणी, काहीतरी दुसरं हातात हवं. माझं भाषांतर आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. टांझानियात कलाकारांनी राष्ट्रीय कला परिषदेकडे, म्हणजे बासाटाकडे, नोंद करायची असते आणि परदेशी माणसाला कामाचा परवाना लागतो. पर्यटकाच्या व्हिसावर पैसे घेऊन कार्यक्रम करू नकोस. कॉपीराइटसाठी कोसोटा ही संस्था आहे.

कराराबद्दल मात्र जरा जास्त सांगते, कारण तिथे मी स्वतःचं नाही, दुसऱ्याचं नुकसान होताना पाहिलं. एका संस्थेचे लोक आले, बीबींकडून दोन गोष्टी मोबाइलवर घेतल्या, साखरेचं पाकीट दिलं. पुढच्या वर्षी त्या गोष्टी सुंदर चित्रांच्या पुस्तिकेत आल्या. सांगणारीचं नाव नाही, गाव नाही, 'आफ्रिकेची लोककथा' एवढंच. मी ती पुस्तिका बीबींना दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण चित्रं बघून गोष्ट ओळखली. त्यांनी विचारलं, "यात मी कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक करारात चार गोष्टी असतात. कार्यक्रमाचे पैसे वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे. ध्वनिमुद्रण कुठे वापरणार, किती काळ, ते लिहून. गोष्ट ज्यांच्याकडून मिळाली त्यांचं नाव, त्यांची परवानगी असेल तर, आणि गाव, दरवेळी मोठ्यानं सांगणार. आणि बीबींची गोष्ट सांगितली की मानधनाचा पाचवा हिस्सा त्यांच्या घरी. बीबी आता नाहीत, तो हिस्सा त्यांच्या लेकीला जातो. कायदा मला हे करायला लावत नाही. पण जेलीला नोटा देणारा उदार माणूस जे जाणतो तेच इथेही खरं आहे, शब्द घेतला की हात रिकामा ठेवायचा नाही.

शिकायचं कुठे? बागामोयोला कला आणि संस्कृतीची संस्था आहे, तासुबा. १९८१ मध्ये कला महाविद्यालय म्हणून सुरू झाली. तिथे नाच, ढोल, नाटक नीट शिकवतात, आवाजाला आणि अंगाला वळण लागतं. दरवर्षी तिथे महोत्सवही होतो. पण गोष्ट तिथे मिळणार नाही, ती अंगणातच मिळेल. स्वाहिली इतकी शीक की स्वप्नं पडतील. आणि मग आतल्या भागातली एक भाषा निवड. टांग्याजवळ डिगो आहेत, बोंडेई आहेत, उसांबाराच्या डोंगरात सांबा आहेत. दूर व्हिक्टोरिया सरोवराकडे, बुकोबाला, हाया लोकांचे गायक एनांगा नावाच्या तंतुवाद्यावर वीरगाथा गातात, ते तर वेगळंच विश्व आहे. 'आफ्रिकी कथा सांगते' असं कधी म्हणू नकोस. ५४ देश आहेत. 'मुहेझाची गोष्ट सांगते' म्हण.

आवाजांचे शब्द वेगळे पाठ कर. फळ पाण्यात पडतं ते 'चुब्वी', जड काही जमिनीवर पडतं ते 'पू'. मराठीत आपल्याकडे डुबुककन, धप्पकन आहेतच, त्यामुळे आपल्या कानाला हे सोपं जातं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना यातच सगळ्यात जास्त अडखळताना पाहिलंय.

किती गोष्टी हव्यात? पहिल्या पाच वर्षांत बारा. जास्त नको. त्या बारा अशा हव्यात की वीज गेली, मूल रडलं, पाऊस पत्र्यावर कोसळला तरी धागा तुटणार नाही. त्यातली एक मोठी असू दे. मी फुमो लियोंगोची निवडली. किनाऱ्यावरचा कवी आणि वीर. त्याला कैदेत टाकतात. आई रोज जेवण पाठवते आणि चांगलं चांगलं पहारेकरी खाऊन टाकतात. मग तो दासीला गाण्यातून निरोप देतो, आई कोंड्याची भाकरी करते, आत कानस. कोंड्याची भाकरी पहारेकऱ्यांना नको असते, ती त्याच्यापर्यंत पोचते. बाहेर नाचगाण्याचा गलबला चालू असताना तो साखळ्या कापतो. ही गोष्ट सांगताना मी श्रोत्यांनाच तो गलबला करायला लावते. त्यांच्या टाळ्यांच्या आवाजात कानस चालते. टाळ्या थांबल्या तर तो पकडला जाईल, हे पोरांना कळतं आणि ती हात लाल होईपर्यंत वाजवतात. मला त्या वेळी जवळजवळ काहीच करावं लागत नाही.

शाळेत कार्यक्रम सकाळी असतो, ही एक अडचण. आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी दिवसा गोष्ट सांगू नये असं मानतात. दक्षिणेत झुलू आजी म्हणते, डोक्याला शिंग फुटेल. आपल्याकडे उत्तरेत म्हणतात, मामा वाट चुकतो. कामाच्या वेळी काम व्हावं म्हणून केलेली ही सोय असणार. बीबी दिवसा फक्त कोडी घालायच्या, म्हणून मीही शाळेत कोड्यांपासून सुरू करते. "कितेंदाविली!" म्हणजे कोडं. पोरं म्हणतात, "तेगा!" म्हणजे सापळा लाव. "माझ्या घराला दारच नाही." अंडं! पाच-सहा कोड्यांत उन्हातला वर्गही संध्याकाळसारखा होतो, मग गोष्ट.

जन्मानं परंपरागत जातीत नसूनही हे काम मोठं करता येतं, याचं उदाहरण हवं असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या च्चीना म्ह्लोफे यांचं काम बघ. जन्म १९५८ चा. आजीकडून गोष्टी ऐकल्या, दुसऱ्यांच्या घरी घरकामही केलं, जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये काम केलं, १९९२ मध्ये झानेंदाबा ही कथाकारांची संस्था उभी केली. त्या एकाच कार्यक्रमात झुलू, खोसा, इंग्रजी यांत ये-जा करतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कथाकारांनी १९८० च्या दशकात मेरी कार्टर स्मिथ आणि लिंडा गॉस यांच्या पुढाकारानं आपली राष्ट्रीय संघटना बांधली. तुटलेला धागा दोन-तीनशे वर्षांनी पुन्हा धरायचं त्यांचं काम आपल्यापेक्षा फार वेगळं आहे आणि त्यांच्या मंचावर जागा मागायला आपण जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बोलावलं तर ऐकायला जावं.

आता हक्काचा प्रश्न. मालीचे विद्वान आमादू हाम्पाते बा यांनी १९६० मध्ये युनेस्कोत म्हटल्याचं एक वाक्य जगभर फिरतं, आफ्रिकेत एक म्हातारा गेला की एक ग्रंथालय जळतं. त्या वाक्यानं घाबरून कितीतरी लोक यंत्रं घेऊन म्हाताऱ्यांकडे धावले. त्यातून मोलाचं कामही झालं. पण मी बीबींचं शेवटचं वर्ष जवळून पाहिलं. त्यांच्या गोष्टी त्या गेल्यावर थांबल्या नाहीत, आधीच थांबत आल्या होत्या, कारण नातवंडं दार-एस-सलामला गेली होती आणि अंगणात 'पाकावा' म्हणायला मी आणि शेजारची दोन पोरं उरलो होतो. त्यांना टिपणारी माणसं मिळाली होती, उत्तर देणारी नव्हती. म्हणून सांगण्याचा हक्क आहे का, हे तू मला विचारण्याआधी बघ, तुझ्या उत्तराची वाट कुणी बघतंय का. तसं घर मिळालं, त्या घरानं एक दिवस "आता तू सांग" म्हटलं, की हक्काचा प्रश्न त्यांनीच सोडवलेला असतो. मला ते दोन वर्षं आणि चार महिन्यांनी म्हटलं गेलं. मी सांगत असताना बीबी म्बुझीवर बसून हुंकारा देत होत्या आणि एका ठिकाणी त्यांनी तो दिला नाही. तिथे माझं चुकलं होतं.

भारतातच राहून काही करायचं असेल तर सिद्दींकडे जा, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. गुजरातेत रतनपूरजवळ बावा गोरच्या दर्ग्यावर, कर्नाटकात येल्लापूर-हल्याळच्या जंगलात. आपल्याकडे मुरुडचा जंजिरा सगळे बघतात आणि परत येतात. गुजरातच्या सिद्दींचं 'गोमा' नृत्य आणि स्वाहिलीतला 'न्गोमा', म्हणजे ढोल आणि नाच, एकच शब्द. त्यांचं मालुंगा हे धनुष्यासारखं वाद्य ऐक. तिथेही पहिल्याच भेटीत रेकॉर्डर काढू नकोस.

इकडे यायचं ठरवलंस तर मार्च ते मे टाळ, तेव्हा 'मासिका', म्हणजे इकडचा मोठा पावसाळा, असतो, रस्ते वाहून जातात. जूनमध्ये ये. टांग्यात माझ्या घरी एक खोली आहे, महिनाभर राहा. बीबींची लेक आता त्याच अंगणात नारळ खवते, तिला मी तुझ्याबद्दल सांगून ठेवते. यायच्या आधी एवढं पाठ कर: ती 'पाउक्वा' म्हणाली की 'पाकावा'. 'सहानी' म्हणाली की 'या म्चेले'. 'गिझा' म्हणाली की 'ला म्विझी'. पोरांच्या आवाजात म्हण, आणि जरा मोठ्यानं. तिला आता एका कानानं कमी ऐकू येतं.